ट्रॅकवर न्यायच्या गाडीला टायर कुठले घालावेत?

कात्रज बायपासवरून गाडी दक्षिणेला लागली की तोच राष्ट्रीय महामार्ग ४८ सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळुरू, वेल्लोर करत श्रीपेरुंबुदूरपर्यंत जातो. तिथे इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट हा मोटारशर्यतींचा ट्रॅक आहे. पुण्याहून साधारण साडेअकराशे किलोमीटर. गाडी ट्रेलरवर घालून नेणारे थोडे. आपल्यासारखे बहुतेक जण गाडी चालवत जातात, दिवसभर ट्रॅकवर पिदडतात आणि त्याच टायरवर घरी येतात. टायर निवडताना हा परतीचा प्रवास डोळ्यांपुढे ठेवायचा.

पहिली पायरी: आधी हिशेब मांडा

कागद घ्या. त्या ट्रॅकचा एक लॅप, म्हणजे एक पूर्ण फेरी, सुमारे ३.७ किलोमीटरचा. वीस मिनिटांच्या एका सेशनमध्ये सात-आठ लॅप होतात. दिवसात चार-पाच सेशन धरली तरी ट्रॅकवरचं अंतर १२०-१३० किलोमीटरच्या आसपास राहतं. जाऊन-येऊन रस्ता मात्र २,३०० किलोमीटर. म्हणजे निव्वळ ट्रॅकसाठी केलेल्या सहलीतसुद्धा टायर पंच्याण्णव टक्के हायवेच तुडवतो. वर्षभराचं ऑफिस, खंबाटकी, ताम्हिणी आणि गल्लीतले खड्डे वेगळेच.

वर्षाला एक-दोन ट्रॅक डे (आपली गाडी ट्रॅकवर चालवायचे दिवस) असतील तर टायरचा एकच संच घ्या आणि तो रस्त्याच्या बाजूने झुकणारा घ्या. चारच्या पुढे गेलात तर जुने रिम शोधून ट्रॅकसाठी दुसरा संच करा. तो मग पार्सलने पाठवायचा की मित्राच्या एसयूव्हीत टाकायचा, ते तुम्ही बघा. या दोहोंच्या मध्ये अडकणारे सगळ्यात जास्त पैसे घालवतात. त्यांना ट्रॅकवालाच टायर हवा असतो आणि तो रोज ऑफिसलाही न्यायचा असतो.

दुसरी पायरी: जुना टायर वाचा

नवा घेण्याआधी जुन्यासमोर उकिडवे बसा आणि तळवा नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखं लागलं, तर टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलाय. मधला पट्टा झिजलाय म्हणजे हवा जास्त होती. दोन्ही कडा गेल्यात म्हणजे कमी होती. ट्रॅकवर जाणाऱ्या गाड्यांत हमखास दिसणारा प्रकार वेगळाच: नक्षी अजून पाच मिलिमीटर शिल्लक आणि पुढच्या चाकांची फक्त बाहेरची कड गोटा. वळणात गाडी बाहेरच्या अंगाला कलते, निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कललेला असणं) अपुरा असतो आणि सगळा भार त्या दोन बोटांच्या पट्टीवर येतो. अशा गाडीला कितीही महाग टायर घाला, तो तिथेच मरणार. आधी कॅम्बर वाढवता येतो का, ते विचारा. बऱ्याच गाड्यांत कंपनीने ती सोय दिलेलीच नसते, कॅम्बर बोल्ट किंवा प्लेट बसवाव्या लागतात. दीड-दोन अंश निगेटिव्ह मिळाला आणि टो शून्याच्या जवळ ठेवला, तर टायरचं आयुष्य बरंच वाढतं.

तिसरी पायरी: जात ठरवा

टायरच्या बाजूला ट्रेडवेअर म्हणून एक आकडा असतो. प्रमाण टायरची झीज १०० धरून त्याच्याशी केलेली ही तुलना आहे: आकडा मोठा तर रबर टिकाऊ, लहान तर मऊ आणि चिकट. चाचणी ज्याची त्याची कंपनीच करते, त्यामुळे एका कंपनीचे २०० दुसरीच्या २०० इतकेच असतील असं समजू नका. तरी ढोबळ अंदाज येतो. घरगुती टूरिंग टायर चारशेच्या आसपास किंवा वर असतात. मिशलिन पायलट स्पोर्ट ४एस ३०० वर आहे. ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस आणि योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२ हे २०० वाले. मिशलिनचाच पायलट स्पोर्ट कप २ १८० च्या घरात आणि टोयो आर८८८आर थेट १००.

आकडा उतरतो तसा नुसता टिकाऊपणा जात नाही, पाऊसही हाताबाहेर जातो. तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकायचं काम नक्षीतल्या खाचांचं. ट्रॅकवाल्या टायरमध्ये खाचा कमी आणि उथळ असतात, कारण रबराचा मोठा सलग ठोकळा वळणात डगमगत नाही. कोरड्यात तो सोनं असतो. जुलैत खंबाटकीच्या उतारावर साचलेल्या पाण्यात तोच टायर पाण्यावर तरंगायला लागतो आणि स्टीअरिंग अचानक हलकं होतं. शिवाय असं रबर तापल्याशिवाय नीट धरत नाही, आणि सकाळी सोसायटीच्या गेटमधून निघताना ते थंडच असतं.

माझं मत विचाराल तर पहिलं वर्षभर ३०० च्या आसपासचाच टायर वापरा: पायलट स्पोर्ट, पिरेली पी झीरो, काँटिनेंटल स्पोर्टकाँटॅक्ट किंवा गुडइयर ईगल एफ१ यांच्या जातीतला. यात पैसे वाचतात, पण मुख्य कारण ते नाही. असा टायर पकड सुटण्याआधी ओरडतो, हळूहळू घसरतो, चूक कुठे झाली ते सांगतो. फार चिकट टायर तुमच्या चुका पोटात घालत राहतो आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो.

चौथी पायरी: बाजारात काय मिळतं ते बघा

परदेशी व्हिडिओ बघून यादी केलीत तर निम्मी नावं इथे भेटणार नाहीत. भारतात विकायच्या टायरवर आयएसआय चिन्ह लागतं, आणि जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरची आयात परवान्याखाली आणली. तेव्हापासून चांगल्या मापांची टंचाई नेहमीची झाली. म्हणून उलट चाला. आधी तीन-चार दुकानांत फोन करून तुमच्या मापात काय आहे ते विचारा, मग त्यातून निवडा.

माप म्हणजे, उदाहरणार्थ, २२५/४५ आर१७ ९४वाय. रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची. ९४ हा भारांक, म्हणजे एका टायरवर ६७० किलो. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. भारांक कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली कधीही नको, दुकानदाराने कितीही ‘चालतं हो साहेब’ म्हटलं तरी.

आता मोह होतो तो मोठ्या रिमचा. २२५/४५ आर१७ चा एकूण व्यास ६३४ मिलिमीटर, २२५/४० आर१८ चा ६३७. गाडीला फरक कळत नाही. पण बाजूची भिंत १०१ मिलिमीटरवरून ९० वर येते, आणि हायवेवरच्या खड्ड्यात रिमला वाचवतात ते हेच अकरा मिलिमीटर. मी तर म्हणेन, ब्रेकचं कॅलिपर (डिस्कला चिमटणारा भाग) आत बसत असेल तर उलट एक इंच खाली या. टायर स्वस्त होतो, मिळतो आणि बाजूच्या भिंतीला फुगाही लवकर येत नाही.

बीएमडब्ल्यू एम२ च्या पहिल्या पिढीला पुढे २४५ आणि मागे २६५ रुंदी होती, अशा गाडीत पुढचे-मागचे अदलाबदल करणं विसरा. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चारही टायर एकाच मेकचे आणि जवळपास सारख्याच झिजेचे हवेत.

पाचवी पायरी: बसवताना तिथे उभे राहा

टायरवर डॉट अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. ३२२५ म्हणजे २०२५ सालचा ३२ वा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला मऊ टायर नव्याच्या भावात घेऊ नका. बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण आणि ‘बाहेरची बाजू’ हे शिक्के स्वतः बघा. एका नावाजलेल्या दुकानात माझ्या गाडीचे दोन टायर उलटे बसवले होते आणि मला ते घरी पार्किंगमध्ये, पाणी मारताना दिसलं. तेव्हा मी आत बसून चहा पीत होतो, चूक माझीही आहेच.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने चालवा. साच्यातून येताना लागलेला तुळतुळीत थर निघून जाऊ द्या.

सहावी पायरी: खरेदी जूनमध्ये करा

हे फारसं कुणी सांगत नाही. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. पावसात ती खोली हवी. ट्रॅकवर मात्र तीच नडते, उंच ठोकळे वळणात वळवळतात, जास्त तापतात आणि त्यांचे तुकडे उडतात. म्हणून मेअखेर किंवा जूनमध्ये टायर घाला आणि पूर्ण खोलीवर पावसाळा काढा. चेन्नईकडचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, तोही जाऊ द्या. जानेवारी-फेब्रुवारीत थोडी झिजलेली नक्षी घेऊन ट्रॅकवर उतरा. कायद्याची हद्द १.६ मिलिमीटर असली तरी तीनच्या खाली आलेला टायर पुढच्या पावसाळ्यात नेऊ नका.

सातवी पायरी: ट्रॅकवर हवा सांभाळा

टायरमधली हवा पाच-सहा अंशांनी तापली की दाब सुमारे १ पीएसआय (पंपावर हवा मोजतात ते एकक) चढतो. दारावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय म्हणून थंड टायरमध्ये ३३ भरून सुटलात, तर तिसऱ्या लॅपला ४० च्या आसपास जाल आणि गाडी बर्फावर असल्यासारखी वाटेल. सकाळी ट्रॅकवरच २९-३० वर या. सेशन संपवून पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांबायच्या जागेत) येताच, टायर गरम असतानाच मोजा आणि ३४ ते ३६ च्या दरम्यान आणा. त्यासाठी स्वतःचा गेज ठेवा, पेट्रोल पंपावरच्याचा भरवसा नाही.

टायरच्या खांद्यावर खडूने, नक्षीपासून बाजूच्या भिंतीपर्यंत, एक जाड रेघ ओढा. दोन लॅप मारून या. खडू नक्षीच्या कडेपर्यंत पुसला गेला असेल तर ठीक. भिंतीवर खाली उतरला असेल तर टायर दुमडतोय, हवा थोडी वाढवा. मुळीच पुसला नसेल तर थोडी सोडा. पाच रुपयांच्या खडूइतकं खरं मला अजून कुठल्या उपकरणाने सांगितलेलं नाही.

पहिल्या सेशननंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) परत तपासा. गाडी उभी करताना हँडब्रेक नको, गिअरमध्ये ठेवा. विम्याची पॉलिसीही आधी वाचून घ्या, कारण शर्यत आणि वेगचाचणीतलं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत धरत नाहीत.

शेवटची पायरी: घरी निघण्याआधी

दिवसभर गरम टायरमधून हवा सोडत राहिलात, तर रात्री थंड झाल्यावर तीच २७-२८ वर आलेली असते. आता गाडीत चौघे, सामान, हेल्मेट आणि समोर अकराशे किलोमीटर. कमी हवेवर हायवेचा वेग म्हणजे बाजूची भिंत सतत वाकत आणि तापत राहणार, टायर फुटण्याचा हा सरळ रस्ता. हॉटेलवर मुक्काम असेल तर सकाळी थंड टायरमध्ये स्टिकरप्रमाणे हवा भरा, माणसं आणि सामान असेल तर पूर्ण भाराचा जो आकडा दिलाय तेवढी. मग मोबाइलचा टॉर्च लावून चारही टायरच्या आतल्या भिंतीवरूनही हात फिरवा. कर्बवरून (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून) जोरात गेलेल्या गाडीला फुगा बहुधा आतल्या बाजूला येतो, आणि तो उभ्याने दिसत नाही.