पालिकेत काय शिजतंय ते वेळेत कळायला हवं असेल तर

आपल्याकडे शहराची बातमी कधी कळते, तर सकाळी गेटसमोर जेसीबी उभा दिसतो तेव्हा. मग ग्रुपवर सुरू, कोणी ठरवलं, कधी ठरवलं, आम्हाला का नाय विचारलं. खरं म्हणजे बऱ्याच वेळा विचारलेलं असतं, निदान कागदावर तरी. पालिकेच्या बोर्डावर कागद लागलेला असतो नाहीतर पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात जाहीर सूचना आलेली असते आणि हरकतीची मुदत संपून गेल्यावर आपण जागे होतो. मुदतीच्या आत कळलं तरच त्या बातमीचा उपयोग, नंतर कळलं तर ती नुसती गजाल, म्हणजे गप्पा. म्हणून ही सगळी माहिती एकत्र लिहून ठेवतोय. रत्नागिरी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय पण चिपळूण, खेड, राजापूर, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, अलिबाग सगळीकडे पद्धत साधारण हीच, कारण सगळ्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या एकाच कायद्यावर चालतात.

सुरुवातीला घरपट्टीची पावती काढा आणि वर कोणाचं नाव छापलंय ते बघा. हसू नका, कुवारबाव, नाचणे, मिरजोळे, शिरगाव या बाजूचे कितीतरी लोक पत्ता सांगताना रत्नागिरीच सांगतात पण कारभार असतो ग्रामपंचायतीचा. तिथे राहणाऱ्याला ग्रामसभा असते, उभं राहून सरपंचांना थेट विचारता येतं. शहराच्या हद्दीत राहणाऱ्याला तशी सभा नाही, आपल्या वतीने नगरसेवक बोलणार आणि आपण ऐकणार. रस्त्यांचंही तसंच, मुंबई-गोवा हायवे राष्ट्रीय महामार्ग आहे, काही रस्ते सार्वजनिक बांधकामचे, गल्लीबोळ पालिकेचे. खड्ड्याचा फोटो टाकायच्या आधी खड्डा कोणाचा ते विचारून घ्या, नाहीतर महिनाभर चुकीच्या दारात उभे राहाल.

आता पालिकेत कोण काय करतं ते थोडक्यात. नगराध्यक्ष आणि नगरसेवक निवडून येतात, ठराव ते करतात. मुख्याधिकारी हा सरकारने पाठवलेला अधिकारी, अंमलबजावणी आणि सही त्याची. मधे २०२१ च्या शेवटापासून बहुतेक पालिकांवर प्रशासक होते, म्हणजे सभाच नाही, एकच माणूस ठराव करणार आणि तोच राबवणार, त्यामुळे त्या काळात बाहेर काही कळणं अवघडच होतं. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, नगराध्यक्ष थेट लोकांमधून आले, आता परत सभा होतात आणि सभा होतात म्हणजे विषयपत्रिका निघते. आपल्याला तीच हवी.

विषयपत्रिका मिळवायची कशी? सोप्पं आहे. सभेच्या आधी ती प्रत्येक नगरसेवकाला द्यावी लागते आणि हल्ली ती मोबाइलवर फिरतेच. आपल्या प्रभागात बहुतेक ठिकाणी दोन नगरसेवक आहेत, दोघांनाही मेसेज टाकून ठेवायचा की दादा, ताई, अजेंडा आला की मला पाठवा. एक नाही पाठवणार, दुसरा पाठवेल, विशेषतः दोघं वेगवेगळ्या पक्षाचे असले तर नक्कीच पाठवेल. ते नाही जमलं तर पालिकेतला सूचना फलक, आणि तिथेही नसेल तर सभा लिपिकाकडे जाऊन नीट विचारायचं. आवाज चढवून काही होत नाही, तोच माणूस पुढची काही वर्षं त्या टेबलावर असणार आहे.

कागद हातात आला की वाचायचा कसा हे जास्त महत्त्वाचं, कारण भाषा अशी असते की वाचून झोप येते. पहिला विषय असतो मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. लोक तो सोडून देतात पण गेल्या वेळी नक्की काय ठरलं ते तिथेच पक्कं होतं, तेव्हा इतिवृत्ताची प्रत बघायची. "कार्योत्तर मंजुरी देणे" असं दिसलं की समजायचं काम होऊन गेलंय किंवा खर्च पडलाय, आता कागद पुरा करतायत. तसं करणं कधीकधी खरंच लागतं, पुराच्या वेळी गाळ काढायला सभेची वाट बघत बसता येत नाही, पण दर सभेत पाच पाच विषय असे यायला लागले तर विचारायला हवं. "मुदतवाढ देणे" म्हणजे ठेकेदाराचं काम वेळेत झालेलं नाही. "आरक्षण" किंवा "कलम ३७ अन्वये फेरबदल" (हे कलम नगररचना कायद्यातलं) असं आलं तर चहा बाजूला ठेवा आणि सर्व्हे नंबर वाचा, तिथे जमिनीचा वापर बदलायचा विषय असतो, शाळेची, बागेची, पार्किंगची जागा. आणि सगळ्यात शेवटी असतं "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". पत्रिकेत त्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नसतं. तिथे काय आलं ते सभेला गेल्याशिवाय किंवा नंतर इतिवृत्त मागितल्याशिवाय कळत नाही आणि माझ्या मते बातमी तिथेच असते.

सभेला जाता येतं बरं का. सभा लोकांसाठी खुली असते, काही कारणाने बंद दाराआड घ्यायची ठरली तर गोष्ट वेगळी. बोलता येणार नाही, मागे बसून ऐकायचं. दोन-चार नेहमीची माणसं मागे बसायला लागली की समोरच्यांची भाषा आपोआप सुधारते.

आता पेपरातली हेडिंग. "अमुक रस्त्यासाठी दोन कोटी मंजूर" असं छापून आलं की त्याच दिवशी बॅनर लागतात आणि लोकांना वाटतं आता मे महिन्यापर्यंत रस्ता होणार. प्रशासकीय मान्यता ही पहिली पायरी, त्यानंतर तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश. कार्यादेश निघाल्याशिवाय कोणीही खडी टाकत नाही, आणि आपल्याकडे जून लागला की डांबराचं काम गेलं थेट ऑक्टोबरनंतर. त्यामुळे बातमी वाचली की एकच प्रश्न, कुठल्या पायरीवर आहे? निविदा निघालीय का ते घरबसल्या बघता येतं, महाटेंडर्स म्हणून राज्य सरकारची साइट आहे तिथे पालिकेच्या नावाने शोधायचं, बघायला लॉगिन लागत नाही. काम झाल्यावर दोषदायित्व कालावधी किती आहे तेही विचारून ठेवा, तेवढ्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खिशातून करून द्यायचा असतो, पालिकेने परत पैसे काढायचे नसतात. हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं.

जाहीर सूचनांचं मात्र मनावर घ्या, खास करून मुंबईत राहणाऱ्या आणि गावात घर असणाऱ्या चाकरमान्यांनी. विकास आराखड्याचा, म्हणजे शहरात कुठली जागा कशासाठी ते दाखवणाऱ्या नकाशाचा, मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती द्यायला ३० दिवस मिळतात, नंतर समितीसमोर सुनावणी होते. कलम ३७ च्या फेरबदलाला एक महिना. चतुर्वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांची, कर आकारणी झाली की नवीन घरपट्टीची नोटीस येते, तिच्यातही हरकतीची तारीख असते, ती गेली की पुढची वर्षं भरत बसा. या सूचना स्थानिक पेपरात येतात, तेव्हा गावाकडे कोणीतरी एकाने तरी रत्नागिरी टाइम्स, सागर, तरुण भारत, पुढारी यातलं काहीतरी घ्यायचं आणि शेवटच्या पानांवरच्या बारीक चौकटी वाचायच्या. गणपतीला आल्यावर कळलं की आपल्या परसातून रस्ता दाखवलाय तर तेव्हा आरडाओरडा करून काय उपयोग.

काही गोष्टी पालिकेच्या नसतातच पण परिणाम आपल्यावर होतो, त्या वेगळ्या ठेवा. चिपळूणला २२ जुलै २०२१ चा पूर आल्यावर निळ्या आणि लाल पूररेषेवरून केवढा गदारोळ झाला. त्या रेषा आखतं जलसंपदा खातं, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि बांधकाम परवानगी मागायला गेल्यावर पालिका तोच नकाशा पुढे करते. समुद्राकडेला सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या क्षेत्राचं, तसंच, रत्नागिरीतलं मिऱ्या असो नाहीतर मालवण, वेंगुर्ला. त्या नकाशांवर हरकती घ्यायच्या असल्या तर जनसुनावणी कलेक्टरांकडे होते, पालिकेच्या बोर्डावर डोळे लावून बसलात तर चुकेल.

पाण्याची आणि पावसाची बातमी या दोन्हीत फॉरवर्डवर अजिबात विसंबू नका. रत्नागिरीत शीळ आणि पानवल धरणाचं पाणी येतं, मे महिन्यात "उद्यापासून एक दिवसाआड" असे मेसेज फिरतात, त्यातले निम्मे गेल्या वर्षीचे असतात. पत्राचा फोटो असेल तर तीन गोष्टी बघा, जावक क्रमांक, तारीख आणि कोणाची सही. वरची तारीख कापून फोटो फिरत असेल तर तो पुढे ढकलू नका. पावसाळ्यात चिपळूणकर तर शहरातल्या पावसासोबत भरतीची वेळ आणि कोळकेवाडी धरणातून सोडलेलं पाणी असं तिन्ही बघतात. राजापूरला अर्जुना-कोदवली नद्यांचं पाणी जवाहर चौकात कधी येतं ते तिथल्या व्यापाऱ्याला कुठल्याही ॲपपेक्षा आधी कळतं. तरी पालिकेच्या आपत्ती कक्षाचा नंबर जूनच्या आधीच सेव्ह करून एकदा लावून बघा, उचलतात का ते.

कागद देतच नाहीत म्हणाले तर माहिती अधिकार. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, हा आपल्या राज्याचा नियम. त्यामुळे रागाचं निबंधलेखन करू नका, सरळ लिहा: अमुक तारखेच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची आणि ठराव क्रमांक अमुकची प्रत मिळावी. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, प्रतीचे पानाला २ रुपये. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच कार्यालयात वरच्या अधिकाऱ्याकडे. पण त्याच्याही आधी एक सोपा रस्ता आहे, शासनाने २०१८ ला परिपत्रक काढलंय की दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइली बघायला द्यायच्या. ते परिपत्रक प्रिंट काढून सोबत न्या, "असं काही नसतं" हे उत्तर तयारच असतं.

कार्यक्रमांकडे वळतो. कार्यक्रम आपल्याकडे भरपूर होतात, कळतात मात्र दुसऱ्या दिवशी पेपरातून. त्यामुळे हॉलवरून उलटं शोधायचं. रत्नागिरीत सावरकर नाट्यगृह, चिपळूणला इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र, मालवणला मामा वरेरकर नाट्यगृह, तिथल्या माणसाला महिन्याच्या सुरुवातीला बुकिंग विचारलं की निम्मं कॅलेंडर तयार. हौशी राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी रत्नागिरी केंद्रावर असते, साधारण दिवाळीनंतर, तिकीट अगदी स्वस्त आणि आपलीच माणसं स्टेजवर, ती चुकवू नका. व्याख्यानं, प्रदर्शनं यांच्यासाठी वाचनालयाचा फळा.

देवाच्या कार्यक्रमांना कॅलेंडर पुरत नाही. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथीच नाही, देवीचा कौल झाल्यावर तारीख जाहीर होते आणि मग रेल्वेच्या तिकिटांवर उड्या पडतात. म्हणून तारखेची पोस्ट दिसली की ती देवस्थानकडून आलीय का एवढं बघूनच तिकीट काढा. कुणकेश्वर महाशिवरात्रीला, मार्लेश्वर संक्रांतीला, ते ठरलेलंच. शिमग्यात मात्र पालखी कुठल्या दिवशी कुठल्या वाडीत हे मानकरी ठरवतात, रत्नागिरीत ग्रामदैवत भैरीच्या पालखीचा मार्ग देवळातच विचारावा. नेटवर शोधाल तर तीन वेगवेगळी उत्तरं मिळतील.

स्वतःच कार्यक्रम करायचा असेल तर क्रम लक्षात ठेवा. रस्त्यावर किंवा पालिकेच्या जागेत मांडव असेल तर आधी पालिकेची परवानगी, तो कागद घेऊन पोलिस स्टेशन, स्पीकरची परवानगी तिथे. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं आणि ते दिवस कोणते हे आधी जाहीर होतं, मंडळाने ठरवायचं नसतं. हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या १०० मीटरमध्ये शांतता क्षेत्र. लाइटसाठी महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन, आकडा टाकायचा नाही, पावसात कोणाचा जीव जाईल. वर्गणी काढणार आणि मंडळ रजिस्टर नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१-क ची परवानगी, गणपतीच्या महिनाभर आधी मागे लागा कारण शेवटच्या आठवड्यात तिथे रांग असते.

आणि ग्रुपवर टाकताना पोस्ट अशी टाका की मुंबईतल्या माणसालाही कामाची पडेल. पहिल्या ओळीत शेवटची तारीख, दुसऱ्या ओळीत कुठल्या प्रभागाचा किंवा सर्व्हे नंबरचा विषय, मग अर्ज कोणाच्या नावे द्यायचा ते, आणि खाली अख्ख्या कागदाचा फोटो, चारही कोपरे दिसतील असा. आपलं मत वेगळ्या मेसेजमध्ये लिहा, फॉरवर्ड होताना कागद पुढे जातो आणि भांडण आपल्याच ग्रुपमध्ये राहतं. हरकत दोन प्रतींत द्यायची, एकीवर आवक शिक्का, नंबर आणि तारीख मारून परत घ्यायची, साहेब जेवायला गेलेत म्हणाले तर थांबायचं, पण शिक्का घेतल्याशिवाय निघायचं नाही.