दोन उंट हाती असतील तर घोड्याला घर मिळू देऊ नका

बुद्धिबळात तुमचे दोन्ही उंट शाबूत आणि समोरच्याकडे उंट-घोडा किंवा दोन घोडे, तर साधारण अर्ध्या प्याद्याची बढत धरतात. पण ती वसूल व्हायला पट उघडा हवा. मोकळ्या पटाच्या मध्यावर उंट १३ घरं धरतो, घोडा ८. मधली प्यादी एकमेकांना भिडून अडकली की उंट कोंडला जातो आणि घोडा उड्या मारत फिरतो. इंदुरात घरी आजोबांकडून देशी पद्धतीनं शिकलेल्या मुलांनी हे नीट पाहावं. त्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, पट बराच वेळ बंद राहतो आणि उंट देऊन घोडा राखणं तिथे खपून जातं. स्पर्धेच्या नियमांत तेच महागात पडतं.

रुय लोपेझ या सुरुवातीची एक्स्चेंज लाइन, म्हणजे उंट देऊन घोडा घेण्याचा प्रकार, मांडून पाहा. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट बी५ ए६, उंटानं सी६ चा घोडा मारला, काळ्यानं डी-प्याद्यानं उंट घेतला. मग डी४, प्यादं मारलं, वजिरानं घेतलं, वजिरावजिरी होऊन पांढऱ्याचा घोडा डी४ वर आला. काळ्याकडे, म्हणजे तुमच्याकडे, दोन उंट, पण सी-पट्टीत दुहेरी प्यादी. सी५ खेळून घोडा उठवता येतो, मात्र लगेच नको. सी५ झालं की डी५ उघडं पडतं आणि दुसरा घोडा सी३ वरून तिथे उतरतो. आधी उंट डी७, लांबचं कॅसलिंग (वजिराच्या बाजूला राजा-हत्तीची जोडचाल), मग सी५, आणि सी७ चं प्यादं सी६ साठी तयार ठेवा, म्हणजे डी५ ही बंद. सगळी मोहरी मारामारीत संपवू नका. राजाच्या बाजूला पांढऱ्याची ४ प्यादी तुमच्या ३ वर भारी आहेत, नुसत्या राजा-प्याद्यांचा शेवट बहुधा त्याचाच.

१८८३ च्या लंडन स्पर्धेत पुढे पहिला अधिकृत जगज्जेता झालेल्या स्टाइनिट्झनं ऑस्ट्रियाचा खेळाडू बर्थोल्ड एंग्लिश याच्याविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी असाच डाव जिंकला. आधी प्याद्यांनी घोड्याची घरं काढून घेतली, घाई कुठेच नाही. प्यादं सरकवताना स्वतःच्या उंटाचा कर्ण तपासा. जी७ वर उंट असताना एफ६ खेळलात तर घोड्याचं ई५ जातं खरं, पण उंटही अडकतो.

घोडा कडेला गेला की त्याला तिथेच धरा. समजा आता तुम्ही पांढरे: काळा घोडा ए५ वर, तुमचा उंट डी५ वर, मध्ये काही नाही. घोड्याची बी३, सी४, सी६, बी७ ही चारही घरं त्या एका उंटाखाली येतात. आता तुमचं प्यादं बी४ वर आलं की घोडा गेलाच. उंट मात्र तोवर हलवू नका.

एक उंट देऊन घोडा मारायची संधी तुमच्या हातात असते. मारण्याआधी उरणारा उंट पाहा. तो समोरच्याच्या उंटाच्याच रंगाच्या घरांवर हवा. रंग वेगळे झाले तर एखादं-दुसरं प्यादं जास्त असूनही डाव बरोबरीत सुटू शकतो.