तुमची ऑपरेटिंग सिस्टिम किती बिटची? असं ओळखा

मामांच्या दुकानातला बिलिंगचा जुना प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर उघडेना, तेव्हा मामांनी आधी लॅपटॉपलाच नावं ठेवली. प्रोग्राम डॉस या विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या काळातला, १६ बिटचा, म्हणजे एका वेळी ० किंवा १ चे १६ अंक हाताळणारा. लॅपटॉपवर ६४ बिटचं विंडोज. ही जोडी थेट जमतच नाही.

विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा आणि 'सिस्टिम टाइप'ची ओळ शोधा. बहुतेकांची गल्लत इथेच होते, कारण त्या एका ओळीत दोन गोष्टी असतात. '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असं दिसलं, तर प्रोसेसर ६४ बिटचा आहे, पण सिस्टिम ३२ बिटचीच. स्वल्पविरामाच्या आधीचं तेवढं धरा.

तिथेच रॅमही पाहा. ३२ बिटांत २ चा ३२ वा घात, म्हणजे मेमरीतल्या जागांचे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बसतात. पत्त्यामागे एक बाइट धरला की झाले ४ जीबी. त्यातले काही पत्ते ग्राफिक्स कार्डासारखी उपकरणं अडवून बसतात. म्हणून ३२ बिटच्या विंडोजवर ४ जीबी रॅम लावूनही वापरायला सव्वातीन-साडेतीनच दिसते. रॅम विकणाऱ्याशी भांडायला जाऊ नका.

लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'यूनेम -एम' (uname -m) द्या. एक्स८६_६४ (x86_64) किंवा एआर्क६४ (aarch64) आलं तर ६४, आय६८६ (i686) आलं तर ३२. पण हे बिट कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर कर्नल ६४ चा आणि बाकी सगळा संसार ३२ चा, असंही आढळतं. तिथे 'गेटकॉन्फ लाँग_बिट' (getconf LONG_BIT) विचारून खात्री करा.

नुसत्या नावावरून? डॉस १६ बिटचं. विंडोज ९५ च्या पोटात १६ बिटचा बराच कोड उरला होता, तरी मी ते ३२ मध्येच टाकतो. एक्सपीपासून १० पर्यंतची विंडोज दोन्ही प्रकारांत आली, त्यामुळे तिथे नाव उपयोगाचं नाही. २०२१ चं विंडोज ११ फक्त ६४.

३२ वरून ६४ वर जायचं तर वरच्यावर अपग्रेड होत नाही. डेटा दुसरीकडे काढून ठेवा आणि विंडोज नव्याने टाका.

मामांचं बिलिंग शेवटी डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, सुरू झालं. प्रिंट मात्र अजून जुन्या पीसीवरूनच निघते.