लिबरल आर्ट्सला मूल पाठवताय? या चुका टाळा

भुसावळात माझ्याकडे फॉर्म भरायला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘लिबरल आर्ट्स म्हणजे ते ड्रॉइंगचं ना?’

ड्रॉइंगचं नाही. आणि ‘सायन्सला नंबर लागला नाही म्हणून आर्ट्स’ तेही नाही. सोनिपतचं अशोका, पुण्याचं फ्लेम, बंगळूरु आणि भोपाळचं अझीम प्रेमजी अशा छोट्या विद्यापीठांत अर्थशास्त्राचा मुलगा तत्त्वज्ञान वाचतो, जीवशास्त्राची मुलगी इतिहासाच्या वर्गात बसते. मुख्य विषय मेजर, जोडीचा मायनर. नव्या शैक्षणिक धोरणानंतर हे शब्द आपल्या जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतही आलेत, तेव्हा पुढचं बरंचसं तिकडच्या मुलांनाही लागू आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेळेची. ‘निकाल लागू दे, मग बघू’ हे आपल्याकडचं घरोघरचं वाक्य. या विद्यापीठांचे अर्ज मूल बारावीत असतानाच सुरू होतात आणि फेऱ्याफेऱ्यांनी बंद होत जातात. मे महिन्यात निकाल हातात घेऊन निघालात तर बहुतेक दारं लागलेली असतात. दिवाळीच्या सुट्टीत एक दुपार संकेतस्थळांवर बसा, तारखा कॅलेंडरवर लिहा.

दुसरी चूक फीचा आकडा बघून फॉर्मच न भरण्याची. आकडा मोठा असतो, खोटं कशाला बोलू. पण या तिन्ही ठिकाणी घरची परिस्थिती बघून फी माफ करण्याची सोय आहे. अझीम प्रेमजीत तर ही सवलत गरजेनुसार वसतिगृहाच्या खर्चालाही मिळते. अडतं ते कागदांवर. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पासबुक आणि आधार यांवर वडिलांचं नाव एकच हवं. आमच्याकडे आधारवर ‘रामदास’ आणि सातबाऱ्यावर ‘रामा’ हे इतकं सर्रास आहे की मी आता फॉर्म उघडण्याआधी चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडते. दुरुस्तीला तलाठ्याकडे हेलपाटे घालावे लागतात, म्हणून हे काम आधी. आणि सरकारी शिष्यवृत्ती खासगी विद्यापीठात लागू होईलच असं गृहीत धरू नका; प्रवेशाचे पैसे भरण्याआधी विद्यापीठाला मेल करून लेखी उत्तर मागा.

आता निबंधाकडे येऊ, कारण खरी गफलत तिथे होते. अर्जात स्वतःविषयी लिहायचं असतं आणि आपली मुलं लिहितात, ‘मला देशाची सेवा करायची आहे.’ रावेर तालुक्यातल्या एका मुलीनेही तेच लिहून आणलं होतं. मी विचारलं, सकाळी घरात सगळ्यात आधी कशावर बोलणं होतं? म्हणाली, केळीच्या भावावर. बाजार समितीच्या बोर्डावर भाव एक जाहीर होतो, व्यापारी मळ्यात येऊन दुसराच सांगतो, आणि माल कापून झाल्यावर बापाला ‘नको’ म्हणायची सोय उरत नाही. कापलेला घड थांबत नाही ना. ती हे दहा मिनिटं बोलत होती, मध्ये वहीच्या मागच्या पानावर तिने दोन भावांतला फरक मांडूनही दाखवला. हा तिचा निबंध. अर्थशास्त्र शिकायचं कारण त्यात आपोआप आलं, सेवेचा शब्दही लागला नाही.

याच्या उलट माझी स्वतःची चूक. एका मुलाचं इंग्रजी मी इतकं घासूनपुसून दिलं की मुलाखतीत त्याला त्याच्याच निबंधातल्या एका शब्दाचा अर्थ सांगता आला नाही. तेव्हापासून मी फक्त स्पेलिंग बघते. मोडकं चालतं, उसनं चालत नाही. यंत्राकडून लिहून घेतलेलंही उसनंच.

प्रवेश मिळाल्यावरच्या चुका वेगळ्या. पहिल्याच महिन्यात ‘माझं मेजर इकॉनॉमिक्स’ असं गावभर सांगू नका. अशोका किंवा फ्लेममध्ये मेजर पहिल्या दिवशी ठरवावं लागत नाही. सुरुवातीचे सगळ्यांसाठीचे कोर्स त्यासाठीच असतात. एखादा कोर्स झेपत नसेल तर सत्राच्या सुरुवातीला तो बदलायची मुदत असते. ती चुकली की पुढे सत्रभर रडत बसावं लागतं.

आपल्या मुलांची खरी अडचण मात्र लाजेची. नोटीस लागेल, मग नाव देऊ, ही सवय शाळेपासूनची. छोट्या विद्यापीठात सरांना संशोधनात मदतनीस हवा असतो, उन्हाळ्यात इंटर्नशिप असते, परदेशी विद्यापीठात एक सत्र काढता येतं. यातलं बरंचसं नोटीस लागण्याआधी बोलण्यातून ठरतं. प्राध्यापकांची भेटीची वेळ ठरलेली असते, त्या वेळी जा. ‘सर, मला या प्रकरणातलं दुसरं पान कळलं नाही’ एवढं वाक्य पुरतं. लिहिण्यात अडत असेल तर अशोकासारख्या ठिकाणी त्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. तिथे जाणं म्हणजे ढ असणं नव्हे. हुशार मुलंच जास्त जातात.

वाचन आठवड्याला शंभर-दीडशे पानं सहज होतं. मराठी माध्यमाची मुलं शब्दकोश घेऊन पहिल्याच पानावर अडकतात. त्यावर माझा उपाय साधा: परिच्छेद संपला की समासात एक ओळ मराठीत, अहिराणीत, जी येईल ती. शब्द नंतर बघा. आणि गाइड शोधू नका. गाइड नसतं, आणि इकडून तिकडून उचललेला मजकूर सापडला तर गुण नाही, थेट चौकशी.

प्रकल्पाचा विषय निवडताना मुलं ‘जागतिकीकरण आणि भारत’ असलं काहीतरी उचलतात. अहो, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, इतिहासकार वि. का. राजवाडे १९२६ मध्ये त्याच शहरात वारले आणि त्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जुन्या कागदांचा वारसा मंडळाने सांभाळला. अमळनेरात गिरणीमालक प्रतापशेठांनी १९१६ मध्ये काढलेली तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था आहे, जिथे साने गुरुजी शिकले. सोनिपतच्या वर्गात हे दुसऱ्या कुणाकडे नसतं. सुट्टीत घरी याल तेव्हा दोन दिवस तिथे काढा, जाताना विद्यापीठाचं पत्र बरोबर न्या. पत्र नसेल तर जुने कागद बघायला मिळताना अडचण येते.

भोपाळला निघालेल्यांसाठी एवढंच: भुसावळहून खंडवा-इटारसीमार्गे थेट गाड्या आहेत, पण सत्र सुरू होण्याच्या आठवड्याचं आरक्षण लवकर भरतं.