असेकियाच्या साफसफाईला उतरताना

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या उत्तर भागात, टाओस, एस्पान्योला किंवा चिमायोच्या आसपास घर घेतलंत आणि मागच्या आवारातून मातीचा पाट जाताना दिसला, तर तो बहुतेक असेकिया, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेला सिंचनाचा पाट, असतो. स्पॅनिश वसाहतवाल्यांनी १५९८ पासून इथे असे पाट खणले. आज राज्यात सुमारे ७०० पाट चालू आहेत आणि त्यांवर पाणी घेणारी कुटुंबंच, त्यातही मोठा भाग हिस्पॅनिक, ते चालवतात. तीन निवडून दिलेले कमिशनर आणि एक मायोर्दोमो, म्हणजे आपला पाटकरी, एवढीच व्यवस्था. पाण्यात हिस्सा असलेला तो पार्सियान्ते. वसंतातल्या साफसफाईत, म्हणजे लिंपियात, त्याचं काम ठरलेलं असतं.

घराच्या व्यवहारातच पाण्याचा हक्क जमिनीबरोबर येतोय का, ते खरेदीखतात वाचून घ्या. हक्क आधीच वेगळा विकलेला असेल तर पाट दारातून वाहिला तरी त्यातलं पाणी तुमचं नाही. हक्क आला असेल तर मालकीबदलाची नोंद स्टेट इंजिनिअरच्या, म्हणजे राज्यातले पाणीहक्क पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात करा आणि मायोर्दोमोला जाऊन भेटा. तुमच्या वाट्याला किती ‘पेओन’, म्हणजे किती माणसांचं काम येतं, ते तोच सांगेल. ते बहुधा जमिनीच्या हिशोबाने ठरतं. स्वतः जमत नसेल तर बदली माणूस पाठवता येतो किंवा मजुरी भरता येते. काहीच केलं नाही तर तुमचं पाणी बंद करण्याचा अधिकार कायद्याने पाटाला आहे. पहिल्या वर्षी मात्र पैसे न भरता स्वतः उतरावं. कुठे गळतं, शेतात पाणी घ्यायचं कुणाचं दार पाटावर कुठे, भांडण कोणत्या वळणावर होतं, हे एका दिवसात कळतं.

साफसफाई साधारण मार्चमध्ये, बहुधा शनिवारी असते. तळ खरवडायला सपाट तोंडाचं फावडं आणि मुळं तोडायला टोकदार फावडं, अशी दोन न्या आणि दोन्हींना आदल्या दिवशी कानस मारा. बोथट फावड्याने काठच्या विलो झाडांची मुळं तुटत नाहीत, मनगट मात्र जातं. फांद्यांसाठी मोठी कात्री, छोटी करवत, जाड हातमोजे, गमबूट, जेवण, भरपूर पाणी. टाओसची उंची सुमारे ७,००० फूट आहे. सकाळी गोठवणारी थंडी असते आणि दुपारी ऊन भाजतं, त्यामुळे कपडे एकावर एक घाला.

मायोर्दोमो काठीने पाटाचे तुकडे आखत पुढे जातो. एका माणसाचा एक तुकडा, त्याला ‘तारेआ’ म्हणतात. सगळ्यांचं झालं की तो ‘वुएल्ता!’ अशी हाक देतो आणि रांग पुढच्या तुकड्यांवर सरकते. आपला तुकडा उरकून बसून राहण्यापेक्षा शेजारच्या म्हाताऱ्याला हात द्या. अशा गोष्टी पाटावर वर्षभर लक्षात राहतात.

गाळ काढताना नवखा माणूस हमखास जास्त खोल खणतो. तळावर वर्षानुवर्षं बारीक मातीचा थर बसलेला असतो आणि तोच पाणी धरतो. तो फोडला की पाणी जिरत राहतं. शिवाय तिथे खड्डा पडला तर उतार बिघडतो, पाणी साचतं आणि खालच्या दारांपर्यंत पातळी चढत नाही. म्हणून वरच्या आणि खालच्या तुकड्याचा तळ बघत तेवढंच खरवडा. कडा उभ्या न ठेवता तिरक्या ठेवा, नाहीतर पहिल्याच पाण्यात ढासळतात. गाळ काठाच्या पलीकडच्या अंगाला टाका.

गोफर हा इथला घुशीसारखा प्राणी काठ पोखरतो. त्याच्या बिळात नुसते दगड कोंबले तर फटींतून पाणी वाहतं आणि भोक मोठं होत जातं. बीळ शेवटापर्यंत उकरा, ओलसर चिकणमाती थरांथरांनी भरा, प्रत्येक थर पायाने तुडवा आणि वर गवताचं ढेकूळ बसवा.

सगळं छाटू नका. पाटातून झिरपणारं पाणी काठचे कॉटनवूड आणि विलो जगवतं, उथळ भूजल भरतं आणि त्यातलं बरंचसं पुढे नदीला परत मिळतं. पक्ष्यांना आसरा आहे तो या हिरव्या पट्ट्यातच. प्रवाहात आलेल्या फांद्या आणि मुळं काढा, बाकी झाड राहू द्या. सायबेरियन एल्म आणि रशियन ऑलिव्ह ही बाहेरून आलेली झाडं मात्र रोप असतानाच उपटावीत. सिमेंटचं अस्तर घालायची सूचना दर सभेत कुणीतरी करतंच. गळती थांबते खरी, पण काठही वाळतो. कचरा पेटवायचा तर आधी जाळण्याचा परवाना लागतो, आणि वारा असेल त्या दिवशी काडी ओढायचीच नाही. २०२२ साली हर्मिट्स पीक-काफ कॅन्यनचा वणवा नियोजित जाळपोळीतूनच सुरू झाला, आणि त्यात मोरा भागातले अनेक पाट निकामी झाले.

पाणी सोडताना नदीवरच्या बांधाचं मुख्य दार थोडं थोडं उघडतात. एकदम उघडलं तर कोरडा काठ फुटतो. पाण्याचं तोंड वर्षभराचा पालापाचोळा, बाटल्या आणि टंबलवीडचे काटेरी गोळे ढकलत येतं, ते मोरीत अडकलं की पाणी काठावरून शेतात. त्यामुळे दोघं-तिघं दाताळं घेऊन पाण्याबरोबर चालतात आणि प्रत्येक मोरीपाशी कचरा ओढून काढतात. पहिलं गढूळ पाणी ‘देसाग्वे’तून, म्हणजे सांडव्यातून, नदीत सोडून देतात.

काठावर पाटाचा वहिवाटीचा हक्क असतो. तिथे कुंपण किंवा झाड लावू नका, आणि दार नवं बसवायचं तर आधी कमिशनरांना विचारा.

पुढे दारं धरायची ती मायोर्दोमोने दिलेल्या पाळीतच. दुष्काळात तासांवर वाटणी होते, तेव्हा पाळी संपली की दार पूर्ण बंद करून फटींना माती लावा. पाणी नको असेल त्या वर्षी तसं कमिशनरांना कळवा: सलग चार वर्षं पाणी वापरलं नाही आणि नोटीस मिळूनही वर्षभरात सुरू केलं नाही, तर हक्क जाऊ शकतो. बऱ्याच पाटांची पाण्याची पेढी असते. तिथे हक्क तात्पुरता ठेवला की तो सुरक्षित राहतो आणि पाणी शेजाऱ्याच्या शेतात जातं.