बेळगावात लँडस्केपची पीएचडी करायची तर आधी भराव वाचायला शिका

लँडस्केप आर्किटेक्चरमध्ये, म्हणजे इमारतीबाहेरच्या जमिनीच्या आखणीच्या शास्त्रात, पीएचडीला लागलेली आपल्या भागातली पोरं-पोरी सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) दाखवायला आणतात तेव्हा बहुतेकांचं शीर्षक एकाच साच्यातलं असतं, 'बेळगाव शहरातील मोकळ्या जागांचा अभ्यास'. हे होत नाही बघा. सहा वर्षं गेली तरी होत नाही, कारण मोकळी जागा म्हणजे नेमकं काय हेच ठरत नाही, व्हॅक्सिन डेपोचं रान पण मोकळं आणि तिसऱ्या रेल्वे गेटाजवळचा कचऱ्याचा तुकडा पण मोकळा. त्यापेक्षा माणसानं उलथीपालथी केलेली एकच जागा धरा, दोन-चार एकराची, आणि तिच्यात काय टाकलंय, कुणी टाकलंय, टाकल्यावर पाण्याचं काय झालं एवढंच विचारा. म्हणजे भराव वाचा. झाडं, डिझाइन, पार्क वगैरे नंतर.

आता जागा कुठली घ्यायची. उद्यमबाग आणि मच्छेच्या बाजूला फौंड्र्या आहेत, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचे कारखाने, त्यांची साच्यातली जळकी काळी वाळू गेली कित्येक वर्षं खड्ड्यांत, नाल्याच्या काठाला, प्लॉट वर उचलायला पडत आलीय. माझं मत विचाराल तर बेळगावच्या पोरानं हाच विषय घ्यावा, असला भराव सगळ्या शहरांत मिळत नाही. खानापूरकडं विटभट्ट्यांसाठी आणि कौलांसाठी माती काढलेले खड्डे आहेत, काहींत आता पाणी, काहींत घरं. बळ्ळारी नाला आहे, वडगाव-शहापूर-येळ्ळूर शिवारातला, तिथं जलपर्णी, सांडपाणी आणि भाताची शेती एकाच ठिकाणी. खरं नाला घ्यायचा असेल तर अख्खा घेऊ नका, दोन पुलांमधला तुकडा घ्या. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींची आवारं पण चांगली आहेत, त्यावर कुणी फारसं बघितलेलं नाही. जांभ्याच्या खाणी हव्या तेवढ्या. तुरमुरीचा कचरा डेपो मात्र पहिल्या पीएचडीला नको म्हणेन मी, तिथं वादच एवढे आहेत की तुमचा निम्मा वेळ परवानगीत जाणार.

परदेशातली उदाहरणं गाइड वाचायला लावतीलच, वाचा. जर्मनीत डुइसबर्गला १९८५ ला बंद पडलेला लोखंडाचा कारखाना होता, पीटर लाट्झनं तो पाडला नाही, भट्ट्या तशाच ठेवून नव्वदीच्या दशकात पार्क केला. बर्लिनमध्ये स्युडगेलेंडे नावाचं रेल्वे यार्ड १९५२ ला बंद पडलं, दशकानुदशकं त्यावर आपोआप जंगल उगवलं आणि तेच मग निसर्गउद्यान झालं. इंगो कोवारिक म्हणून तिथले इकॉलॉजिस्ट आहेत, त्यांनी निसर्गाचे चार प्रकार मांडलेत, मूळचं जंगल, शेतीचा मुलूख, लावलेल्या बागा आणि चौथा कारखाने-शहराच्या ढिगाऱ्यावर आपसूक उगवलेला. हा चौथा प्रकार तुमच्या कामाचा. खरं एक लक्षात ठेवा, तिकडं कारखाना मेलेला होता आणि जागा एका सरकारी संस्थेच्या हातात होती. इथं फौंड्री चालूच आहे की, गेल्या महिन्यात बघितलेला बांध पुढच्या महिन्यात दोन ट्रॉल्या वाळूखाली जातो. म्हणून तिकडच्या चॅप्टरांची रचना उचलून इथं बसवू नका. तुमच्या जागेचा भराव अजून चालू आहे, हेच तुमच्या थिसिसचं वेगळेपण, आणि म्हणून पहिल्या दिवसापासून ठराविक चार-पाच ठिकाणांवर रंगाच्या खुणा करून तिथनंच, त्याच दिशेला, दर महिन्याला फोटो काढत जा.

कागदपत्रांचं काम सगळ्यात कटकटीचं आणि सगळ्यात मजेचं. बाहेरनं आलेल्याला कळत नाही की आज जे एक शहर दिसतं ते जुन्या काळी तीन कारभारांत वाटलेलं होतं. १८१८ ला किल्ला कंपनीकडं गेला, पुढं कॅम्प उभा राहिला, त्याची जमीन लष्करी खात्यात. शहर मुंबई इलाख्यात. आणि शहापूर सांगली संस्थानात! संस्थानं विलीन झाली तेव्हा, १९४८ ला, ते मुंबई प्रांतात आलं, मग १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका सोडून बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात. त्यामुळं तुमची साइट शहापूरची असेल तर छप्पनच्या आधीचा कागद कुठल्या दप्तरात असेल हे आधी ठरवा, नाहीतर महिनाभर चुकीच्या कचेरीत हेलपाटे. मागच्या कागदांत मोडी, मराठी, इंग्रजी, पुढच्या सगळ्यांत कन्नड. मोडी वाचणारं एखादं माणूस आणि कन्नड उतारा नीट समजावून सांगणारं एखादं माणूस, ही दोन ओळखी सुरुवातीलाच करून ठेवा. बेळगाव जिल्ह्याचा १८८४ चा मुंबई इलाख्याचा गॅझेटियर मात्र घरबसल्या वाचायला मिळतो, त्यातलं तळी आणि मातीचं वर्णन उतरून घ्या.

जमिनीचा उतारा, म्हणजे आरटीसी (कर्नाटकातला सात-बारा), काढला की मालकाचं नाव बघून ठेवून देऊ नका. त्यात खराब्याचा रकाना असतो. 'ए खराब' म्हणजे पिकाला न येणारी जागा, 'बी खराब' म्हणजे रस्ता, नाला, तळं असल्या सार्वजनिक कामाची. आज जिथं शेड उभी आहे तिथं जुन्या उताऱ्यावर बी खराब दिसला, की समजायचं इथनं पाणी जात होतं. टिप्पण (सर्व्हे नंबराच्या मोजणीचा जुना कच्चा नकाशा) आणि गावनकाशा सर्व्हे खात्यातनं मागा, नाल्याची जुनी वळणं त्यात असतात. जागेवर उभं राहून आपण कुठल्या सर्व्हे नंबरात आहोत ते बघायला सरकारचं दिशांक ॲप आहे, मोबाइलवर चालतं, हद्दीला दहा-वीस फूट इकडंतिकडं दाखवतं म्हणून भांडण लागेल असल्या ठिकाणी त्याच्यावर विसंबू नका. कागद देत नसतील तर माहिती अधिकार, दहा रुपये फी, तीस दिवस. खरं कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, मोठं निबंध लिहिलं की परत येतं, म्हणून एका अर्जात एकच गोष्ट मागा, आणि जमलं तर कन्नडात द्या, काम लवकर होतं.

वरनं बघायला गूगल अर्थच्या जुन्या इमेजी सगळेच वापरतात, त्या फार मागं जात नाहीत. अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांचे १९६० ते १९७२ चे फोटो १९९५ ला खुले झाले, अमेरिकेच्या भूगर्भ खात्याच्या साइटवर शोधा, आधीच स्कॅन झालेले फुकट उतरतात, नसेल तर स्कॅनचे थोडे पैसे. त्यात विहिरी, तळी, बांध दिसतात. सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट, म्हणजे चढउतार, नाले, रस्ते दाखवणारा नकाशा, बेळगाव शहरासाठी ४८ आय मालिकेतली. हे तीन एकमेकांवर बसवले की भराव कधी पडला याचा अंदाज निम्मा हाताला येतो.

ड्रोनचं मात्र जपून. इथं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दल आहे, ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय साइटच्या नकाशावर आपली जागा कुठल्या रंगात येते, म्हणजे तिथं उडवायला बंदी आहे की मोकळीक, ते बघितल्याशिवाय छोटंसं खेळणं पण उडवू नका. लांब बांबूला मोबाइल बांधून किंवा शेजारच्या गच्चीवरनं काढलेले फोटो आमच्या कामाला पुरले होते.

आता खड्डा. हे न करता लिहिलेला भरावावरचा थिसिस म्हणजे भांडं न उघडता आमटीचं मीठ सांगण्यासारखं. जमीनमालकाची लेखी परवानगी घ्या, मग एक मीटर खोल, माणूस आत बसून बघेल एवढा रुंद खड्डा काढा, एक भिंत उन्हाकडं ठेवून ती कुदळीनं सरळ तासा. फौंड्रीच्या भरावात आम्हाला दिसलं ते असं. वर वीतभर मुरूम, गाड्यांनी दाबून दगडासारखा. त्याखाली काळी वाळू, हातात घेतली तर बोटं काळी होतात, जळकट वास येतो, मध्ये कोअरचे, म्हणजे ओतकामात आतली पोकळी ठेवायला वापरलेल्या वाळूच्या गाभ्याचे, तुटके तुकडे, रेझिननं चिकटवलेले, कडक. त्याच्याखाली प्लास्टिकच्या पिशव्या, फरशीचे तुकडे, चुना. आणि तळाला एकदम गार, ओलसर माती, भाताच्या धसाची बारीक मुळं अजून शाबूत. ती तळाची माती दिसली की थांबा, तिथली खोली नीट मोजा, तीच जुनी जमीन.

प्रत्येक थराचं सॅम्पल वेगळं. काळ्या वाळूत लोहचुंबक फिरवा, लोखंडाचे कण चिकटतात, किती चिकटले ते वजन करा, थरांत फरक कळतो. पीएच घ्या, आपली जांभ्याची लाल माती आंबट असते, बांधकामाचा डबर पडला की चुन्यामुळं पीएच वर जातो, म्हणून भरावाची हद्द शोधायला स्वस्तातलं हत्यार. शिसं, क्रोमियम, फिनॉल असलं काही लिहायचं असेल तर मान्यताप्राप्त लॅबचाच रिपोर्ट जोडा, खर्च होतो, म्हणून सगळी सॅम्पलं देऊ नका, थर निवडून द्या. माती-वर्गीकरणात अशा जागेला टेक्नोसोल म्हणतात, २००६ पासून ती आंतरराष्ट्रीय यादीत आहे, वरच्या एक मीटरात माणसानं बनवलेल्या वस्तू २० टक्के किंवा जास्त असल्या की ती बसते. म्हणजे तुम्हाला प्रत्येक थरातल्या फरश्या, वाळू, प्लास्टिकचा अंदाज टक्क्यांत लिहावा लागणार, नुसतं 'भराव आहे' म्हणून चालत नाही. आणि मास्क लावा, वाळूची बारीक सिलिका फुप्फुसात जाते, फौंड्रीतल्या कामगारांना विचारा.

पाणी मुरतंय का हा माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न. फौंड्रीच्या वाळूत बेंटोनाइट नावाची चिकणमाती मिसळलेली असते, ती ओली झाली की फुगते, वरनं गाड्यांनी दाबलेलं, मग पाणी मुरतंय की शेजारच्या शेतात जातंय? मोजायला दोन रिंगांचं इन्फिल्ट्रोमीटर लागतं, आतली ३० सेंटीमीटर, बाहेरची ६०, उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेटरकडं पत्र्याच्या करून मिळतात, तयार घेण्यापेक्षा लई स्वस्त. पाणी मात्र कॅननी स्वतः न्यावं लागतं. उन्हाळ्यात एकदा आणि पाऊस लागून राहिल्यावर एकदा मोजा, दोन्ही आकडे बरोबर ठेवा. २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा कुठवर पाणी होतं ते शेजारच्या भिंतींवरनं आणि लोकांकडनं विचारून नकाशावर मारा.

झाडाझुडपांची यादी पण दोन हंगामात. काँग्रेस गवत, घाणेरी, एरंड, रुई, सुबाभूळ ही दिसणारच, ती दिसली म्हणून जागा बिघडली असं लिहू नका, कुठल्या थरावर कोण उगवतंय ते लिहा. पावसाळ्यात टाकळा, आणि ऑक्टोबरात बघितलं नाही तर निम्मं गवत हुकतं.

लोकांशी बोलताना साल विचारू नका, साल कुणाला आठवत नाही. 'काका, हे बुजवलं तेव्हा लातूरचा भूकंप झाला होता का?', 'मावशी, तुमचं लग्न होऊन आलासा तेव्हा हितं विहीर होती काय?' असं विचारा. भूकंप १९९३ चा, पूर २०१९ चा, अशा दोन-तीन खुंट्या धरल्या की साल आपोआप सापडतं. फौंड्रीवाल्यांशी बोलताना पर्यावरणाच्या केसचा वास येऊ देऊ नका, त्यांनाही वाळू टाकायला जागा हवीच आहे, विषय तसा काढला तर ते बसवून चहा देतात आणि ट्रॉलीवाल्याचा नंबर पण. शेतकऱ्याला मात्र तुमचे निष्कर्ष मराठीत आणि कन्नडात एका पानावर लिहून परत द्यायचे, एवढं करा. नावं थिसिसमध्ये घालू नका.

कागदी नियम थोडक्यात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत कोर्सवर्क कमीतकमी १२ क्रेडिट, मुदत कमीतकमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यापुढं दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते, बायकांना आणखी सवलत आहे. विश्वेश्वरय्या विद्यापीठाचं मुख्यालयच बेळगावात, खरं गाइड कुठल्या रिसर्च सेंटरला आहे ते आधी बघा, लँडस्केपचे गाइड कमी असतात. पुण्याला जाणार असाल तरी साइट इथलीच ठेवा. आणि गाइड आर्किटेक्ट असेल तर मातीसाठी एखाद्या सिव्हिल किंवा शेतकी कॉलेजच्या माणसाला को-गाइड घ्या, नाहीतर व्हायव्हाला मातीचा प्रश्न आला की दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसता.

सॅम्पलं मात्र व्हायव्हा होईपर्यंत टाकायची नाहीत, प्रत्येकाचा अर्धा भाग राखून ठेवायचा, परीक्षक परत तपासायला सांगतो कधी कधी. विद्यापीठात जागा मिळत नाही, घरी माळ्यावरच ठेवावी लागतात. लेबल पिशवीच्या आत एक, बाहेर एक, पेन्सिलीनं, पेनची शाई ओलीनं जाते. आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तळाची ती चांगली माती आई कुंडीत घालते.