रेफरन्स व्हिडिओवरून ॲनिमेशन करताना या चुका टाळा

पात्र पाण्यातून चालल्यासारखे संथ दिसू लागले की बहुतेक जण पोझ दुरुस्त करायला बसतात. पण दोष अनेकदा पोझमध्ये नसून रेफरन्स व्हिडिओच्या, म्हणजे पात्राची हालचाल बेतण्यासाठी टिपलेल्या खऱ्या माणसाच्या चित्रणाच्या, फ्रेमरेटमध्ये असतो. सेकंदाला ३० फ्रेम या वेगाने टिपलेली हालचाल २४ फ्रेमच्या टाइमलाइनवर एकास एक उतरवली, तर एका सेकंदाची क्रिया सव्वा सेकंदाची होते आणि व्हिडिओ ६० फ्रेमचा असेल तर अडीच सेकंदांची. शंका असल्यास उडी मोजावी. शरीर सुमारे ३० सेंटिमीटर वर गेले, तर गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने चढायला पाव सेकंद आणि उतरायला पाव सेकंद लागतो, म्हणजे २४च्या हिशेबाने ६ आणि ६ फ्रेम. तीच उडी १५ फ्रेम हवेत राहत असेल, तर व्हिडिओ ३०चा होता हे उघड आहे. त्यातच अनेक मोबाइल चित्रीकरणात फ्रेमरेट स्थिर ठेवत नाहीत, त्यामुळे सुरुवातीची पावले जुळतात आणि पुढची हळूहळू निसटत जातात. म्हणून व्हिडिओ आधी स्थिर २४ फ्रेममध्ये रूपांतरित करून मगच कामाला घ्यावा.

फ्रेमवर फ्रेम गिरवणे ही याहून जुनी चूक आहे; त्यासाठीच्या रोटोस्कोप यंत्राचे पेटंट ॲनिमेटर मॅक्स फ्लायशर यांना १९१७ मध्येच मिळाले होते. ते तंत्र वाईट नाही, मात्र गिरवलेले पात्र बरेचदा मिळमिळीत दिसते, कारण माणसाच्या हालचालीतले जे महत्त्वाचे आहे ते आणि जे केवळ योगायोगाने घडले ते, दोन्ही सारख्याच निष्ठेने उतरते. त्याऐवजी आधी टोकाच्या पोझ, म्हणजे हालचाल जिथे दिशा बदलते त्या स्थिती, निवडाव्यात आणि प्रत्येकीपाशी कारण लिहून ठेवावे: पाऊल उचलण्यापूर्वी कंबर दुसऱ्या पायावर सरकली, मान वळण्याआधी नजर वळली. आखूड पायांच्या पात्रावर उंच माणसाची ढांग जशीच्या तशी लादल्यास गुडघा झटका देऊन ताठ होतो किंवा तळवा जमिनीवर घसरतो. अशा वेळी ढांग पात्राच्या मापाने लहान करावी, भार सरकण्याचा क्रम मात्र तसाच ठेवावा.

रेफरन्स टिपताना रिकामे खोके उचलून जडपणाचा अभिनय करणे हा तर स्वतःलाच फसवण्याचा प्रकार आहे. खरे ओझे असले की पाय आपोआप फाकतात, धड मागे झुकते आणि उचलण्याआधी क्षणभर थांबावे लागते. हे ठरवून नीट करता येत नाही. खोक्यात वजन भरावे, अर्थात पाठीला झेपेल इतकेच.

कॅमेरा फार जवळ ठेवल्यास पुढचा हात अवास्तव मोठा दिसतो, म्हणून कॅमेरा दूर, साधारण कंबरेच्या उंचीवर आणि स्थिर असावा, पावले चौकटीबाहेर जाऊ देऊ नयेत. कपडे गुडघे झाकणारे ढगळ नसावेत. हात फ्रेममध्ये पुसट दिसत असतील, तर प्रकाश वाढवून शटरचा वेग वाढवावा आणि पुन्हा चित्रण करावे. पुसट फ्रेमवरून अंदाजाने काढलेले मनगट पुढे हमखास दुरुस्तीला येते.